रोटाचं पाणी जिरतं तिथे

दिवाळी अंक माणसं चकली हातात धरून वाचतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगतो, मी आयुष्यभर गटारं केली आणि इथेही गटारांविषयीच लिहिणार आहे. ज्यांना चालणार नसेल त्यांनी चकली संपवून यावं.

जळगाव आणि धुळे या दोन शहरांत मी घरांचा निचरा करून दिला. निचरा म्हणजे घरात वापरलेलं, घरावर पडलेलं आणि घराभोवती साचलेलं पाणी शेजाऱ्याशी भांडण न होता बाहेर काढणं. यातला भांडणाचा भाग सगळ्यात अवघड. नगरपालिकेचा प्लंबिंगचा परवाना माझ्या नावावर होता, पण लोक मला 'गटारवाले भाऊ' म्हणायचे. माझ्या सौभाग्यवतीला ते कधी रुचलं नाही. लग्नकार्यात कोणी विचारलं की ती 'ह्यांचं पाण्याचं काम असतं' एवढंच सांगायची. मग समोरचा मला पाटबंधारे खात्यातला समजायचा आणि कालव्याला पाणी कधी सोडणार ते विचारायचा. मीही कधीकधी ठोकून द्यायचो, 'पुढच्या आठवड्यात.'

धंदा समजायला सोपा आहे. घरात तीन प्रकारची पाणी असतात. मोरी-न्हाणीचं सांडपाणी, संडासाचं पाणी आणि पावसाचं पाणी. तिघांची वाट वेगळी ठेवायची. एकाला दुसऱ्याच्या घरात शिरू दिलंत की तिघंही तुमच्या घरात येतात. दुसरी गोष्ट ढाळ, म्हणजे पाइपाचा उतार. चार इंची पाइपाला दहा फुटांमागे तीन इंच ढाळ दिला की घाण आणि पाणी बरोबरीने चालतात. कमी दिला तर दोन्ही बसून राहतात, आणि फार जास्त दिला तर पाणी पुढे पळतं, घाण मागे राहते. हा ढाळ मोजायला माझ्याकडे एक लांब पारदर्शक नळी होती. तिच्यात पाणी भरायचं, एक टोक इथे धरायचं, दुसरं तिथे. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं, मग जमीन कुठे उंच आणि कुठे खोल ते लगेच कळतं. माझा या नळीवर बायकोपेक्षा जास्त विश्वास होता, आणि हे बायकोलाही माहीत होतं.

माणसांचे नमुने मात्र कोणत्याही नळीने मोजता येत नाहीत. धुळ्याला देवपुरात दोन शेजाऱ्यांचं चेंबरवरून वाजलं होतं. दोघांचंही म्हणणं एकच, की तुंबतं ते समोरच्याचं पाणी. जमिनीखाली कोणाचा पाइप कोणाला जोडलेला आहे हे त्यांच्या वडिलांनाच ठाऊक, आणि वडील वारलेले. अशा वेळी मी एका चेंबरमध्ये लिंबू सोडायचो आणि ते कुठे निघतं ते पाहायचो. लिंबू गोल, हलकं, पिवळंधमक, चटकन दिसतं. त्या दिवशीही सोडलं आणि बादलीभर पाणी ओतलं. पलीकडच्या बाईंनी आपल्या चेंबरचं झाकण उघडलं, वर तरंगत आलेलं लिंबू पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की सगळी गल्ली गोळा झाली. त्या दिवशी अमावास्या होती. मला कसं कळणार? मी कॅलेंडर पाहतो ते मृग कधी लागतो एवढ्यापुरतं. करणीचा आरोप निस्तरायला मला चार तास लागले. त्यानंतर मी लिंबू सोडून दिलं आणि केळीच्या सोपटाचा, म्हणजे बुंध्याच्या सालीचा, तुकडा वापरायला लागलो. फैजपूरकडून येणाऱ्या कोणत्याही गाडीत ते पायलीला पन्नास मिळतं, आणि केळीने करणी करता येते असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

पण मला लिहायचं आहे ते जळगावच्या पिंप्राळ्यातल्या एका घराविषयी. या धंद्यात मी किती शहाणा होतो आणि किती नव्हतो, हे मला त्या घराने शिकवलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पिंप्राळ्यात कपाशीची शेतं बिनशेती होऊन प्लॉट पडत होते. ती सगळी काळी माती. कपाशीला ती माय आहे, घराला सासू. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि एकदा फुगली की पाण्याला आत घेत नाही. जुना शेतकरी हे जाणून होता, म्हणून त्याने बांधाकडेने चर ठेवलेला असायचा. प्लॉट पाडणाऱ्यांनी चर बुजवले, त्यावर आकडे टाकले आणि विकून टाकले. मग घरं आली. पहिल्याने दोन फूट जोतं घेतलं, दुसऱ्याने अडीच, तिसऱ्याने तीन. प्रत्येकाला वाटायचं आपण वर आलो म्हणजे सुटलो. ज्याने सर्वांत आधी घर बांधलं त्याचं जोतं सर्वांत बुटकं, आणि सगळ्यांचं पाणी त्याच्या दारात.

ते सर्वांत आधीचं घर अक्कांचं होतं. अक्का मूळच्या एरंडोलकडच्या. त्यांचे यजमान शाळेत मास्तर होते. हे घर बांधून दोन वर्षं होतात न होतात तोच ते गेले. मुलगा सुरतेला नोकरीला, म्हणून अक्का एकट्याच राहायच्या. पण वर्षातून एकदा ते घर माणसांनी भरून जायचं, ते श्रावणात कानबाई बसायची तेव्हा. नारळाला नथ घालून, साज चढवून कानबाई चौरंगावर मांडतात आणि कुळातले सगळे भाऊबंद थोरल्या घरी जमतात. अक्का थोरल्या सून, म्हणून कानबाई त्यांच्याकडे.

आदल्या श्रावणात ऐन कानबाईच्या रविवारी पाणी घरात शिरलं होतं. चौरंगाचे पाय बुडले. घोटाभर पाण्यात उभं राहून सगळ्यांनी जेवणं उरकली. त्यांचे धाकटे दीर, धुळ्याचे नाना, त्या दिवशी स्पष्टच बोलले होते, 'वहिनी, आणखी एक वर्ष पाहू. पुन्हा पाणी आलं तर कानबाई धुळ्याला न्यायची. आणि हे घर विकून तुम्हीही तिकडेच या.' नाना काही वाईट माणूस नव्हते. त्यांना वहिनीची काळजी होती. पण अक्कांनी मला बोलावलं ते अक्षय तृतीयेनंतर लगेच, आणि पहिलंच वाक्य बोलल्या ते असं, "भाऊ, घरमा कानबाई नही, तं मंग हाऊ घर कशाले?"

मी नळी धरली, दोरी ताणली. पुढचा डावा कोपरा सर्वांत खोल निघाला. पाणी खोलगट जागी येतं, म्हणून खड्डाही खोलगट जागी. तिथे सहा फूट खोल शोषखड्डा घ्यायचा, दगडगोटे आणि विटांचे तुकडे भरायचे, की पाणी त्यात उतरून जमिनीत जिरेल. मी फक्की मारून खुणा करत होतो तेवढ्यात अक्का चहा घेऊन आल्या.

"आठे नको, भाऊ. आठे पानी जिरस नही. मांगे सीताफयना बाजूले खंद."

मी त्यांना नळी दाखवली. "अक्का, मागची बाजू नऊ इंच उंच आहे. पाणी चढ चढत नाही."

अक्कांनी नळीतलं पाणी नीट पाहिलं. "तुन्ही नयी खोटी नही शे. पन तिले जमीन काय समजस?"

मी हसलो. वर तोऱ्यात म्हणालो, "यंदा पाणी तुमच्या ओट्याला लागलं ना, तर मी परवाना नगरपालिकेत परत करीन."

आता कबुली देतो. शोषखड्डा घेण्याआधी चाचणी घ्यायची असते. ठरलेल्या जागी छोटा खड्डा करायचा, पाणी भरायचं आणि घड्याळ लावून बसायचं, पाणी किती वेळात उतरतं ते पाहायला. हे मी दहा जणांना शिकवलेलं. त्या दिवशी मी ती घेतली नाही. मृग तोंडावर आला होता, आणखी चार कामं खोळंबली होती, आणि नळीने निकाल दिलेला होता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

आषाढात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी लुना काढून पिंप्राळ्याला गेलो. माझा शोषखड्डा विहिरीसारखा काठोकाठ भरला होता आणि थेंबभरही खाली जात नव्हता. मी खड्डा घेतला होता तो जुन्या बुजवलेल्या चरात, काळ्या मातीच्या भरावात. ती माती फुगून बंद झाली होती. पाणी उलटं फिरून घराच्या पायाशी गेलं होतं. पुढच्या खोलीतली शहाबादी फरशी उचलली गेली होती आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत भिंतीला बोटभर भेग पडली होती. आधी घरात नुसतं पाणी यायचं. मी येऊन भिंतही फोडून दाखवली.

अक्का दारात उभ्या होत्या. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "चहा लेशी?"

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही. परवान्याचं त्यांनी विचारलं नाही, आणि मीही तो परत केला नाही. ती भेग मी पुढे तीनदा भरली. दर उन्हाळ्यात ती पुन्हा उघडायची. अक्कांनी शेवटी तिच्यावर कॅलेंडर लावून टाकलं, पण मी त्या खोलीत गेलो की माझी नजर त्या कॅलेंडरमागेच जायची.

चहा घेतल्यावर मी म्हणालो, "अक्का, चुकलो. पण तुम्हाला कसं माहीत, पाणी कुठे जिरतं ते?"

त्या मला मागे सीताफळापाशी घेऊन गेल्या. तिथे त्यांनी जे सांगितलं ते खान्देशातल्या कोणत्याही घरात माहीत असतं, फक्त माझ्यासारख्या शहाण्यांच्या ध्यानात येत नाही. कानबाईला रोट असतो. कुळातल्या माणसांच्या नावाने गहू मुठीने मोजून घेतात, दळतात, आणि त्याचा स्वयंपाक फक्त कुळातली माणसं खातात. परक्याला त्यातला घासही देत नाहीत. जेवल्यावर हात धुतलेलं पाणीसुद्धा वाटेवर सांडू देत नाहीत, कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. अंगणात खड्डा करून ते त्यात ओततात आणि माती लोटतात.

"पह्यला वरीस पुढेच खंदा व्हता," अक्का म्हणाल्या. "सकायलोंग पानी उभं. लोके ओलांडीसन जायेत. मना जीव थोडा थोडा व्हये. दुसरा वरीसले आठे खंदा, तं देखता देखता जिरी गयं. तवयपासून आठेच."

मी पहार मागवली आणि तिथेच मारली. अडीच फुटांवर तिचा आवाज बदलला. खाली मुरूम होता, पिवळा, भुसभुशीत, पाणी पिणारा. जी चाचणी मी टाळली होती ती ही बाई दर श्रावणात घेत होती, तीही नेम न चुकवता. त्या दिवसापासून माझी पद्धत बदलली. कोणत्याही घरी गेलो की नळी काढण्याआधी मी घरातल्या सर्वांत जुन्या बाईला विचारायचो, रोटाचं पाणी कुठे टाकता? नवे इंजिनिअर माझ्यावर हसायचे. त्यांचे खड्डे भरले की मग मला बोलवायचे.

राहिला नऊ इंचांचा प्रश्न. पाणी चढ चढत नाही हे खरंच, पण त्याला जमिनीच्या उताराशी काय देणंघेणं? त्याला उतार हवा तो गटाराच्या तळाचा. अंगणाच्या पुढे गटार नऊ इंच खोल घ्यायचं आणि पन्नास फुटांवर मागे दोन फूट खोल न्यायचं. जमीन वर चढते, तळ खाली उतरतो, पाणी निमूट मागे जातं. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण अक्कांचं ऐकायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं.

खरी अडचण वेगळी होती. अक्कांच्या दारात येणारं पाणी वरच्या चार घरांचं. ते सगळं मागच्या खड्ड्यात घेतलं तरच घर कोरडं राहणार. म्हणजे खड्डा मोठा हवा, आणि तो नेमका रोटाच्या जागी.

कानबाईला दहा दिवस असताना नाना तयारीसाठी धुळ्याहून आले. सीताफळाजवळ फक्कीचा चौकोन पाहून त्यांचा पारा चढला.

"ठेकेदार, हे काय? रोटाचा तुकडा आम्ही कुळाबाहेर कोणाला देत नाही. आणि त्याच जागेत तुम्ही लोकांच्या अंगणातलं पाणी आणून सोडणार? पुढची भिंत फोडलीत तेवढी पुरे नाही झाली?"

भिंत मी फोडली होतीच. अक्का ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"नाना, आभायनं पानी शे. त्याले कोनतं कूय?"

नानांनी चौकोनाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "आणि यंदाचा रोटाचा खड्डा?"

"हातभर बाजूले." मग माझ्याकडे वळून अक्का म्हणाल्या, "पन भाऊ, फकत पाऊसनं पानी. कोन्हं मोरीनं पानी उनं ना, तं मी बठ्ठं बुजी टाकसू."

मी शब्द दिला आणि पाळला. चारही घरांच्या मोऱ्या मी स्वतः तपासल्या. वरच्या घरातल्या एका गृहस्थांनी हळूच आपला न्हाणीचा पाइप माझ्या गटारात सोडला होता. मी त्यांच्यासमोर पहारेने तो फोडला. ते म्हणाले, तक्रार करीन. मी म्हणालो, जरूर करा, पत्ता नीट लिहा, पाहायला मीच येईन. त्या पाइपाचा विषय पुन्हा निघाला नाही.

या वेळी चाचणीही घेतली. छोट्या खड्ड्यात पाणी भरलं आणि अक्कांचा चहा घेत बसलो. कप रिकामा होईपर्यंत पाणी दोन इंच उतरलं होतं. मग सात फूट खोल खड्डा घेतला, कडेने विटांचं कोरडं बांधकाम केलं, म्हणजे सांध्यांत सिमेंट न भरता, पाणी कडेनेही जिरावं म्हणून. वर झाकण, आणि भरलाच तर मागच्या बांधाकडे सांडवा. शनिवारी दुपारी काम संपलं. रविवारी कानबाई.

रविवारी बारा वाजता पावसाला सुरुवात झाली आणि एकच्या सुमाराला तो असा कोसळू लागला की समोरचं घर दिसेना. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. छत्री घेऊन मी अक्कांच्या मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. आतून बायकांची गाणी ऐकू येत होती, पुरणाचा वास येत होता. वरच्या घरांकडून गढूळ पाणी लोंढ्याने आलं, पुढच्या जाळीत शिरलं, घराला वळसा घालून माझ्या पायाशी आलं. मी झाकण सरकवून आत पाहत होतो. विटांचे थर मोजायचे, एवढंच हातात होतं. वरून बारावी वीट बुडाली. दहावी बुडाली. सातवी बुडाली. सांडवा होता, पण पाणी एवढ्या जोराने येत राहिलं तर तो पुरेल का, हे मी छातीठोकपणे सांगू शकलो नसतो.

नाना धोतर वर खोचून बाहेर आले आणि माझ्या छत्रीखाली शिरले.

"चढतंय का?"

"पाचवी वीट बुडाली."

दोघेही वाकून पाहत राहिलो. चौथी वीट अर्धी बुडाली. पाऊस तसाच होता. पाणी चौथ्या विटेवर थांबलं. मी मनातल्या मनात शंभरपर्यंत मोजलं, ते तिथेच. पुन्हा शंभर मोजलं. मग पाचवी वीट ओली, चकचकीत, वर दिसली. मग सहावी. वरून पाणी येतच होतं आणि खाली मुरूम ते त्याहून वेगाने पीत होता.

नाना छत्रीतून बाहेर पडले. पाय चिखलाचेच घेऊन ते मागच्या दाराशी गेले आणि आत ओरडले, "वहिनी! कानबाई कोठेबी जात नही!" आतली गाणी क्षणभर थांबली आणि मग दुप्पट आवाजात सुरू झाली.

मी निघालो होतो, पण अक्कांनी थांबायला सांगितलं. मला ओसरीवर चहा आणि बाजूला केलेला चिवडा दिला. रोट अर्थातच नाही, तो आत भाऊबंदांचा. मला त्याचं काही वाटलं नाही. मी पावसाकडे पाहत चिवडा खाल्ला आणि मला इतका आनंद झाला होता की कोणाशी तरी भांडावंसं वाटत होतं.

दिवे लागायच्या आधी जेवणं झाली. पाऊस भुरभुर उरला होता. अक्का हात धुतलेल्या पाण्याचं पितळी घंगाळ दोन्ही हातांनी धरून मागच्या दारात आल्या. सीताफळाशेजारी, हातभर बाजूला, रोटाचा छोटा खड्डा तयार होता. अंगण निसरडं झालेलं. नाना घंगाळ घ्यायला पुढे झाले. अक्कांनी ते माझ्यापुढे धरलं.

"ले भाऊ, टाक."

मी दोन पावलं मागे सरलो. "अक्का, मी कुळाबाहेरचा."

मी नानांकडे पाहिलं. नाना सीताफळाकडे पाहत होते.

"खड्डा तू खंदा ना?" अक्का म्हणाल्या. "मंग टाक."

मी चपला काढल्या, घंगाळ घेतलं आणि पाणी ओतलं. ते जिरेपर्यंत आम्ही तिघं तिथे उभे राहिलो.